साहेबाचंही इंग्रजी चुकतं बरं का!

दिवाळीनंतरची गोष्ट. मी ओट्याशी शेंगदाण्याचं कूट करत होते. आमच्या थोरल्या जाऊबाई आल्या आणि मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "अगं, विहीणबाईंचा निरोप आलाय. चार दिवस झाले. उत्तर काय द्यायचं ते तूच लिही बाई!"

त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. त्यानं तिथलीच, यॉर्कशायरची मुलगी केली. म्हणजे विहीणबाई अस्सल इंग्रज. फराळ पोचल्याचं त्यांनी मोठ्या प्रेमानं कळवलं होतं. मी वाचायला लागले आणि मला हसूच फुटलं. सहा-सात ओळींच्या मजकुरात दोन ढोबळ चुका! आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुलानं त्या केल्या असत्या, तर मी लाल शाईनं गोल केला असता.

"वहिनी, तुमच्या विहीणबाईंचं इंग्रजी चुकलंय," मी म्हटलं.

"चल, काहीतरीच! त्यांची आईची भाषा ती. ती कशी चुकेल?"

मैत्रिणींनो, तुमचंही असंच मत आहे ना? माझंही होतं. पण चार दिवस बसून वाचलं, तेव्हा कळलं की साहेबाच्या घरीही मातीच्याच चुली.

कानानं शिकलेली भाषा

आपण इंग्रजी शिकलो ते डोळ्यांनी. आधी पुस्तक, मग बोलणं. त्यांची पोरं ती कानानं शिकतात, आईच्या कडेवर बसून. लिहिण्याची वेळ येते ती नंतर. त्यामुळे कानाला सारखे लागणारे शब्द लिहिताना त्यांची हमखास गफलत होते.

विहीणबाईंची पहिली चूक हीच. 'मी आधीच लिहायला हवं होतं' यासाठी 'शुड हॅव्ह' हवं. पण बोलताना त्याचं 'शुडव्ह' होतं आणि ते कानाला 'शुड ऑफ'सारखं लागतं. झालं, त्यांनी तसंच लिहून टाकलं! 'कुड ऑफ', 'वुड ऑफ' ही तिचीच भावंडं. आपल्याकडची मुलं ही चूक सहसा करत नाहीत, कारण त्यांनी 'हॅव्ह' आधी पुस्तकात पाहिलेलं असतं.

'युअर' म्हणजे 'तुझं' आणि 'यू आर'चं जोडरूप म्हणजे 'तू आहेस'. 'देअर'चे तर तीन भाऊ: तिथे, त्यांचं आणि ते आहेत. उच्चार जवळजवळ सारखे, स्पेलिंगं निराळी. इंग्रज माणूस घाईत एकाच्या जागी दुसरा बसवतो.

ती शेपटीवाली खूण

दुसरी चूक 'इट्स'ची. अक्षराच्या डोक्यावर स्वल्पविरामासारखी खूण असते ना, ॲपॉस्ट्रॉफी, तिनं भल्याभल्यांना रडवलंय. 'इट इज' जोडून लिहिताना ती द्यायची. 'त्याचं' या अर्थी 'इट्स' लिहिताना मात्र द्यायची नाही. आता इतर नामांना 'चा-ची-चे' लावताना ती खूण लागते, मग इथेच का नाही? कारण 'हिज', 'हर्स' यांच्यासारखंच हे सर्वनामाचं तयार रूप आहे. त्याला वेगळी शेपटी नको.

तिकडे भाजीवाले फळ्यावर साधं अनेकवचन लिहितानाही ही खूण ठोकून देतात, सफरचंदांना आणि बटाट्यांनासुद्धा. तिचं नावच पडलंय 'ग्रीनग्रोसर्स ॲपॉस्ट्रॉफी', म्हणजे भाजीवाल्याची खूण! २००१ साली जॉन रिचर्ड्‌स या निवृत्त पत्रकारानं या खुणेच्या रक्षणासाठी चक्क एक संस्था काढली. २०१९ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले अशा अर्थाचं बोलून त्यांनी ती बंद केली. पुढे दुसऱ्यांनी ते काम पुन्हा हाती घेतलं. विरामचिन्हांवरचं लिन ट्रस या बाईंचं 'ईट्स, शूट्स अँड लीव्ह्ज' हे पुस्तक २००३ साली आलं आणि धडाक्यानं खपलं. चुका भरपूर, म्हणूनच ना पुस्तकाला गिऱ्हाईक?

साखर 'लेस', चपात्या 'फ्युअर'

मोजता येत नाही ते कमी असेल तर 'लेस', मोजता येतं ते कमी असेल तर 'फ्युअर'. चहात साखर 'लेस', डब्यात चपात्या 'फ्युअर', असं मी मुलांना शिकवते. पण इंग्लंडातल्या मोठ्या दुकानांतून वर्षानुवर्षं पाटी असायची, 'टेन आयटेम्स ऑर लेस'. लोकांनी कुरकुर केली. शेवटी २००८ साली टेस्को या दुकानवाल्यांनी ती बदलून 'अप टू टेन आयटेम्स' करायचं ठरवलं. वाद मिटवायची किती शहाणी रीत!

गंमत म्हणजे, हा नियम काही मुळापासूनचा नाही. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकानं आपल्याला 'फ्युअर' बरं वाटतं, एवढंच लिहिलं होतं. पुढच्यांनी त्या आवडीचा कायदा करून टाकला.

टोकण्यानं झालेल्या चुका

काही चुका शिकवण्यामुळेच होतात. 'मी अँड टॉम' म्हणू नको, 'टॉम अँड आय' म्हण, असं आईनं दहादा टोकलं की पोराला वाटतं, 'आय'च नेहमी बरोबर. मग ते 'बिट्वीन यू अँड आय' म्हणतं. तिथे खरं तर 'मी' हवं. आपल्याकडे नाही का, 'पानी नव्हे, पाणी' म्हणून सारखं टोकलं की पोर 'मना'लाही 'मण' म्हणायला लागतं? त्यातलाच प्रकार. मात्र इंग्रज पोरांच्या बाजूनं मोठा साक्षीदार आहे. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओच्या पत्रात हाच प्रयोग आलाय!

आणि काही चुका चुका नसतातच. यॉर्कशायरमध्ये 'वी वॉज' सर्रास ऐकू येतं. ती तिथली बोली. आमच्या जाऊबाईंचं माहेर कोल्हापूर. तिथल्या बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. ते काय चुकीचं मराठी? परीक्षेत लिहायची भाषा निराळी, माजघरातली निराळी, एवढंच.

आपल्या चुका निराळ्या

आपलं इंग्रजी चुकतं ते मराठीतून उचलून ठेवल्यामुळे. 'विषयी चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट'. खरं तर नुसतं 'डिस्कस' पुरतं. 'परत' हा अर्थ 'रिटर्न'मध्येच आहे, तरी आपण 'रिटर्न बॅक' म्हणतो. 'मला दोन मुलगे आहेत' याचं 'आय ॲम हॅविंग' करतो, तिथे 'आय हॅव्ह' हवं. 'डिड यू'च्या पुढे 'वेंट' नको, 'गो' हवं. एवढ्या चार गोष्टी सांभाळल्या तरी पुष्कळ.

आणि आपलं मराठी तरी कुठे धुतल्या तांदळासारखं आहे? 'मला मदत कर' सोडून आपण हिंदीच्या नादानं 'माझी मदत कर' म्हणतोच की! शब्दाच्या शेवटी दीर्घ वेलांटी द्यायची, हा आपला नियम. पण 'आणि' त्याला अपवाद. किती जणी तो ऱ्हस्व लिहितात?

आता माझी चूक

हे सगळं मी जाऊबाईंना सांगितलं. त्या ऐकत होत्या, हसत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "मग मी तेव्हा 'ही डोंट' म्हटलं, ते एवढं का गं लागलं तुला?"

माझा हात थांबला. लग्न होऊन मी नवीन नवीन आले होते, बी.ए.चा ताठा होता. घरी भाऊजींचे परदेशी पाहुणे आलेले. वाढताना जाऊबाई कुणाबद्दल तरी 'ही डोंट ईट स्पायसी' म्हणाल्या आणि मी भरल्या पंगतीत 'ही डझंट' म्हणून त्यांना दुरुस्त केलं. नियमानं मी बरोबर होते. पण त्यानंतर त्यांच्या तोंडून इंग्रजी वाक्य म्हणून निघालं नाही. मी ते विसरूनही गेले होते. आणि आता माझ्या वाचनात आलं होतं की 'ही डोंट' इंग्लंडात आणि अमेरिकेतही कितीतरी जणांच्या घरच्या बोलीत आहे!

"वहिनी, चुकलं माझं. तुमचं इंग्रजी नाही, माझं वागणं," मी म्हटलं.

त्या काही बोलल्या नाहीत. मोबाईल मात्र त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. अर्धा तास बसून स्वतः उत्तर लिहिलं: चकलीची भाजणी, तिखटाचं प्रमाण, 'उन्हाळ्यात आमच्याकडे या' सगळं. मला दाखवलं. एक 'डिस्कस अबाउट' होतं. मी सांगितलं, पण हळूच, स्वयंपाकघरात दोघीच असताना.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "त्यांचं 'शुड ऑफ', माझं हे. फिट्टंफाट!"

आणि बटण दाबून निरोप पाठवूनही दिला. मैत्रिणींनो, मुलांच्या वहीत चुका जरूर दुरुस्त करा, त्यांना मार्क मिळवायचेत. पण घरातली बाई बोलायला लागली, तर तिला आधी वाक्य पुरं करू द्या.