वितीएवढी इम्पाला : अमेरिकन मोटारींच्या प्लॅस्टिक प्रतिकृती दिल्लीत कशा घडतात?

नवी दिल्ली : १९५९ सालची शेव्हर्ले इम्पाला सुमारे ५.३६ मीटर लांब होती. निवासी संकुलात एका मोटारीसाठी सर्वसाधारणपणे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरली जाते. त्या चौकटीत ही गाडी मावतच नाही. तीच इम्पाला पंचवीस पटींनी लहान केली, तर तिची लांबी साडेएकवीस सेंटिमीटरहून किंचित कमी, म्हणजे जेमतेम एक वीत भरते. राजधानी क्षेत्रातील सदनिकेत जुन्या अमेरिकन मोटारीला जागा मिळते ती बहुधा याच आकारात, पुस्तकांच्या कपाटात.

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून अशी मोटार जुळवणे, रंगवणे आणि तिच्यात आपल्या इच्छेनुसार बदल करणे हा अमेरिकेत रुजलेला छंद आहे. दिल्लीत मात्र त्याला वेगळे वळण मिळते. अमेरिकेत मूळ गाडीहून वेगळी गाडी घडवण्यासाठी बदल केले जातात. येथे मात्र भारतात प्रत्यक्ष धावलेली गाडी जशी होती तशी साकारायची म्हटली, तरी संचात मोठे फेरफार करावे लागतात.

विक्रेत्याच्या टेबलावरून मुलांच्या हाती

या प्रतिकृतींचा उगम खेळण्यांच्या दुकानात नसून मोटारविक्रेत्यांच्या दालनात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन मोटार कंपन्या आपल्या नव्या गाड्यांच्या हुबेहूब लहान आवृत्त्या विक्रेत्यांकडे पाठवत. गाडीचा आकार आणि उपलब्ध रंग ग्राहकाला दाखवणे हा त्यामागील हेतू असे. १९४८ मध्ये स्थापन झालेली एएमटी आणि तिची स्पर्धक जो-हॅन या कंपन्या अशा ‘प्रमो’ प्रतिकृतींसाठी ओळखल्या जात. सुरुवातीच्या प्रमोंसाठी वापरलेले सेल्युलोज अ‍ॅसिटेट काळाच्या ओघात वाकत असे. त्यामुळे त्या काळातील अनेक नमुने आज पिळवटलेल्या अवस्थेत आढळतात. पुढे पॉलिस्टायरीनचा वापर वाढला आणि हा दोष मागे पडला.

१९५८ मध्ये एएमटीने एकाच खोक्यातून तीन प्रकारची मोटार घडवता येईल असा संच बाजारात आणला. ग्राहकाला कारखान्यातून निघालेली मूळ गाडी, शर्यतीची गाडी किंवा हौसेने सजवलेली गाडी यांपैकी कोणतीही जुळवता येई. जादा बंपर, निराळी ग्रिल, बसक्या चाकांचे भाग खोक्यातच असत. रेव्हेल आणि मोनोग्राम या कंपन्यांनीही हे क्षेत्र विस्तारले. प्रत्यक्षातील मोटारींचे छत कापून बुटके करणारे कॅलिफोर्नियातील कारागीर जॉर्ज बॅरिस यांच्यासारख्यांचा प्रभाव या संचांवर स्पष्ट दिसत असे. मोटारीत फेरफार करणे हाच छंदाचा गाभा ठरला, तो तेव्हापासून.

भारतातील अमेरिकन गाडी

भारतात या गाड्या दोन वाटांनी आल्या. पहिली वाट मुंबईची. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत सुटे भाग आणून मोटारी जोडण्यास सुरुवात केली. फोर्डचा जोडणी उद्योगही त्याच शहरात होता. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि प्लायमाउथ गाड्या बाहेर पडू लागल्या. बंगालमध्ये हिंदुस्थान मोटर्सने स्टुडबेकर जोडली. १९५३ मध्ये सरकारने धोरण बदलले. टप्प्याटप्प्याने भारतातच उत्पादन करण्याची योजना नसलेल्या कंपन्यांना येथे वाव उरला नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघांनीही लवकरच गाशा गुंडाळला.

दुसरी वाट दिल्लीची. आयातीवर कडक निर्बंध असताना नवी अमेरिकन मोटार देशात येई ती प्रामुख्याने परदेशी वकिलातींसाठी. राजनैतिक अधिकारी बदली होऊन गेले की त्यांच्या गाड्यांची विक्री राज्य व्यापार महामंडळामार्फत होत असे. अशा गाड्या पुढे हौशी धनिकांकडे आणि चित्रपटसृष्टीतील मंडळींकडे पोहोचल्या. ‘इम्पाला’ हा शब्द मराठी आणि हिंदी बोलण्यात श्रीमंतीचा समानार्थी झाला, त्याचे एक कारण ही दुर्मीळताच होती.

प्रतिकृती करणाऱ्यासाठी हा इतिहास केवळ पार्श्वभूमी नाही. गाडी कोणत्या वाटेने आली यावर तिचे स्टिअरिंग कोणत्या बाजूला हवे, हे ठरते. मुंबईत जोडलेली गाडी उजव्या बाजूने चालवण्याची असे. वकिलातीसाठी थेट अमेरिकेतून आलेली गाडी डाव्या बाजूचीही असू शकते. म्हणून कटर हातात घेण्यापूर्वी त्या विशिष्ट गाडीचे चरित्र निश्चित करावे लागते.

दोन दारांची चार दारे

अमेरिकन संच जवळजवळ नेहमीच डाव्या स्टिअरिंगचे असतात. शिवाय त्यांतील बहुसंख्य गाड्या दोन दारांच्या असतात, कारण अमेरिकेतील हौशी तरुणांना तोच आकार प्रिय होता. भारतीय कुटुंबांत आणि टॅक्सीच्या तळांवर मात्र चार दारांची सेदान अधिक दिसत असे. हे दोन्ही फरक दूर करणे म्हणजे या छंदातील खरी कसोटी.

स्टिअरिंगची बाजू बदलताना डॅशबोर्ड तीन तुकड्यांत कापला जातो. वेगमापकाचा भाग उजवीकडे, सामानाच्या कप्प्याचा भाग डावीकडे आणि मधला रेडिओचा भाग जागच्या जागी ठेवून सांधे जुळवले जातात. त्यानंतर पेडल, स्टिअरिंगचा दांडा आणि बॉनेटखालील त्याची जोडणी हलवावी लागते. काचेवरील वायपरची दिशाही तपासावी लागते. हा तपशील नवशिक्यांच्या हातून बहुधा सुटतो.

चार दारे करण्याचे काम याहून अवघड आहे. मूळ दाराच्या खाचा लांबीने भरून घ्यायच्या, त्या सुकल्यावर पॉलिश पेपरने सपाट करायच्या आणि छायाचित्रांवरून मोजून नव्या खाचा कोरायच्या. छताला आधार देणारा मधला खांब पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीतून तयार करावा लागतो. दोन दारांच्या गाडीचे छत अनेकदा अधिक उतरते असते. त्यामुळे मागील काचेचा कोनही बदलतो. १/२५ प्रमाणात एक मिलिमीटरची चूक म्हणजे प्रत्यक्ष गाडीवर अडीच सेंटिमीटरची चूक. डोळ्याला ती लगेच खटकते.

काही बदल तुलनेने सोपे असतात. निर्यातीसाठी तयार होणारी डॉज किंग्जवे ही मुळात प्लायमाउथचेच दुसरे रूप होती. त्यामुळे योग्य सालचा प्लायमाउथचा संच मिळाल्यास ग्रिल आणि नावपट्ट्या बदलून डॉजपर्यंत पोहोचता येते. जुन्या भारतीय खासगी गाड्यांची काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांची क्रमांकपट्टी साध्या छपाईयंत्रावर तयार होते. एवढ्या एका बदलानेही डेट्रॉइटची गाडी दिल्लीची वाटू लागते.

हवामानाशी गाठ

प्लॅस्टिकचा गोंद हा वास्तविक गोंद नसून द्रावक असतो. तो पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग वितळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. हाच गुण रंगकामात शत्रू ठरतो. मोटारींच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी वापरला जाणारा ड्युको रंग आणि त्याचा थिनर अतिशय तीव्र असतो. थेट फवारल्यास प्लॅस्टिकवर बारीक भेगांचे जाळे उमटते. म्हणून आधी प्रायमरचे अस्तर आणि त्यावर रंगाचे अनेक पातळ हात, असा क्रम पाळला जातो. काश्मिरी गेट परिसरातील मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारासारख्या ठिकाणी मिळणारा टच-अपचा रंग परदेशी रंगाला पर्याय ठरतो, पण ही खबरदारी घेतली तरच.

दिल्लीचे ऋतू या कामाचे वेळापत्रक ठरवतात. पावसाळ्यातील दमट हवेत लॅकरवर पांढुरकी साय धरते, कारण द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील बाष्प त्यावर जमते. मे-जूनच्या कोरड्या उष्म्यात रंगाचा थेंब पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वीच अर्धा सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रंग दाट होतो आणि सुकायला वेळ लागतो. डबा कोमट पाण्यात धरून तो सैल करावा लागतो. हवेतील धूळ तर बाराही महिने असते. त्यामुळे नुकताच रंगवलेला सांगाडा झाकणाच्या डब्यात ठेवण्याची सवय अनिवार्य ठरते.

या कामात आरोग्याचा प्रश्नही आहे. थिनरची वाफ बंद खोलीत साठते आणि हिवाळ्यात बाहेरील हवा प्रदूषित म्हणून खिडक्या मिटलेल्या असतात. साधा कापडी किंवा धूळ अडवणारा मुखपट्टा सेंद्रिय वाफ रोखत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा गाळक असलेला मुखवटा लागतो. दोन घटक मिसळून वापरायच्या मोटारींच्या पारदर्शक लेपात आयसोसायनेट असते. घरात त्याची फवारणी टाळणेच योग्य. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग तुलनेने सुरक्षित असल्याने लहान सदनिकांसाठी ते अधिक सोयीचे ठरतात.

पन्नाशीच्या दशकातील अमेरिकन मोटार म्हणजे क्रोमची चकाकी. संचातील चकाकणारे भाग प्लॅस्टिकवर धातूचा अतिसूक्ष्म थर चढवून केलेले असतात. तो थर सदोष असल्यास घरगुती ब्लीचमध्ये बुडवून काढता येतो. खिडक्यांच्या आणि दारांवरील पट्ट्यांसाठी अतिशय पातळ, मागे गोंद असलेला धातूचा पत्रा वापरतात. तो पट्टीवर दाबून, नव्या पात्याने कडेने कापून उरलेला भाग अलगद उचलायचा असतो. स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियमचा कागद त्या मानाने जाड असतो आणि वळणांवर सुरकुततो.

प्रौढांचा छंद, खेळण्यांचा कर

या छंदापुढील सर्वांत मोठी अडचण कौशल्याची नसून किमतीची आहे. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात लघुप्रमाणातील प्रतिकृती आणि मुलांची खेळणी एकाच शीर्षकाखाली, ९५०३ या क्रमांकात येतात. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण देण्यासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ते ७० टक्क्यांवर नेले. म्हणजे टपालखर्च धरून १०० रुपयांना पडलेल्या संचावर ७० रुपये केवळ मूळ शुल्काचे होतात. इतर कर त्याहून निराळे.

याशिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक झाले. त्या आदेशातील खेळण्याची व्याख्या १४ वर्षांखालील मुलांच्या खेळासाठीच्या वस्तूंपुरती आहे. अनेक अमेरिकन संचांच्या खोक्यावर ‘१४ वर्षे व त्यापुढील’ असे छापलेले असते. गुणवत्तेच्या नियमात हे वय महत्त्वाचे ठरते. सीमाशुल्काच्या दरात मात्र त्याला स्थान नाही. निकृष्ट आणि असुरक्षित खेळण्यांची आयात रोखणे हा धोरणाचा उद्देश आहे. त्याच जाळ्यात प्रौढांचा हा छोटा छंदही सापडला आहे.

त्यामुळे स्थानिक पर्यायांना महत्त्व आले आहे. अर्धवट सोडलेले जुने संच विकत घेऊन ते पुन्हा उभे केले जातात. आकाराने लहान भाग, जसे चाके, ग्रिल किंवा उजव्या स्टिअरिंगचा डॅशबोर्ड, संगणकावर रेखाटून त्रिमितीय छपाईने तयार करता येतात. पोलादी साच्यासाठी लागणारी मोठी गुंतवणूक त्यात नसते, आणि एकाच नगाची गरज असेल तरी काम होते.

रस्त्यावरून कपाटात

जुन्या मोटारींसाठी राजधानी क्षेत्रातील नियम देशात सर्वांत कडक नियमांपैकी आहेत. १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने निर्बंध घातले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीचे निर्देश दिले. ऐतिहासिक गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूप टिकवलेल्या गाडीची २० हजार रुपये शुल्क भरून दहा वर्षांसाठी नोंदणी करता येते. मात्र अशी गाडी दैनंदिन वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच मुभा आहे.

त्यामुळे खऱ्या गाडीचे दर्शन ठरावीक प्रसंगीच घडते. १९६४ पासून दिल्लीत भरत आलेली स्टेट्समन व्हिंटेज कार रॅली आणि गुरुग्रामपलीकडे तावडू येथे २०१३ मध्ये सुरू झालेले हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम ही त्यांतील दोन महत्त्वाची ठिकाणे. प्रतिकृती करणाऱ्याला तेथे छायाचित्रांतून न कळणारे तपशील मिळतात : खुर्चीच्या कापडाची वीण, बंपरखालची पोकळी, डिकीच्या झाकणाची जाडी.

आजोबांच्या गाडीचा एखादा कृष्णधवल फोटो मात्र अनेक घरांत आजही असतो. गाडी भंगारात गेलेली असते, कागदपत्रे उरलेली नसतात. त्या फोटोतून दारांची संख्या, स्टिअरिंगची बाजू आणि क्रमांकपट्टी एवढ्या गोष्टी स्पष्ट दिसल्या, तरी कामाला आरंभ करता येतो. रंग फोटोत कळत नाही. तो घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ठरवावा लागतो, आणि तो सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.