‘मायक्रोब’ : एका शब्दाची जन्मकथा

इ.स. १६७६ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट येथील कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहुक यांनी, स्वतः घडविलेल्या भिंगातून पाण्याच्या थेंबात दिसलेल्या जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून पाठविले. पुढील दोनशे वर्षांत अशा जीवांना अनेक नावे मिळाली. ‘बॅक्टेरिया’च्या मुळाशी लहान काठी आहे, तर ‘व्हिब्रिओ’च्या मुळाशी थरथरणे. मात्र या साऱ्यांना सामावून घेणारे एक सुटसुटीत नाव नव्हते.

ती उणीव १८७८ मध्ये फ्रेंच शल्यविशारद शार्ल सेदियो यांनी भरून काढली. ग्रीक ‘मिक्रोस’ म्हणजे लहान आणि ‘बिओस’ म्हणजे जीवन. या दोहोंपासून त्यांनी ‘मिक्रोब’ हा शब्द घडविला. इंग्रजीत त्याचा उच्चार ‘मायक्रोब’ झाला. विख्यात कोशकार एमिल लित्रे यांनी या शब्दाला संमती दिली. ग्रीक रूढीप्रमाणे या समासाचा अर्थ ‘लहान जीव’ असा नसून ‘अल्पायुषी’ असा होतो, हे त्यांना ठाऊक होते; तरीही शब्द आपले समर्थन आपणच करील, असे त्यांचे मत पडले.

‘अल्पायुषी’ या अर्थाशी जैन वाचक क्षणभर थबकेल. एका श्वासात अठरा वेळा जन्म-मरण भोगणाऱ्या निगोद जीवांचे वर्णन दिगंबर परंपरेत आहे. म्हणून निगोद म्हणजेच मायक्रोब, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. तो आवरणेच योग्य. साधारण निगोदात अनंत जीवांचे शरीर एकच असते. जिवाणूची प्रत्येक पेशी मात्र स्वतंत्र असते. ओढूनताणून दाखविलेल्या साम्याने शास्त्राची थोरवी वाढत नाही आणि विज्ञानही नीट समजत नाही.

हा विवेक घरातही हवा. बहुतेक जिवाणू मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाएवढेच असतात. ते वस्त्राच्या छिद्रांतून सहज पार होतात. त्यामुळे गाळलेले पाणी रोगजंतूंपासून मुक्त झाले, असे मानणे धोक्याचे आहे. आरोग्यासाठी ते उकळावे लागते. पाणी गाळण्याच्या नियमाचा हेतू निराळा आहे. वस्त्रावर राहिलेले जीव ज्या जलाशयातील पाणी, त्याच जलाशयात जपून परत सोडावे, अशी शिकवण त्यामागे आहे. तेथे चिंता आपल्या प्रकृतीची नसून त्या जीवांची आहे.

मराठीने ‘मायक्रोब’साठी ‘सूक्ष्मजीव’ हा शब्द योजला आणि त्यात ‘जीव’ कायम राखला. जैन कानाला त्या दोन अक्षरांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.