पपईचा चीक, ठिबकची नळी

जळगावचे उद्योजक भवरलाल हिरालाल जैन यांच्याविषयी महाराष्ट्रात जे सांगितले जाते ते बहुधा सात हजार रुपयांपासून सुरू होते : मारवाडातून वाकोदला (ता. जामनेर) येऊन स्थिरावलेल्या कुटुंबाची तीन पिढ्यांची शिल्लक, १९६३ साल, हातगाडीवरचे रॉकेल, आणि मग एकदम हजारो कोटींची उलाढाल. हकिकत खरी आहे. मात्र सत्कार समारंभांतून ती इतकी घासली गेली आहे की, रॉकेलच्या गाडीनंतरची पंधरा वर्षे आणि त्यांच्या शेवटी झालेला एक विचित्र सौदा तिच्यातून पार निसटून गेले आहेत.

१२ डिसेंबर १९३७ रोजी जन्मलेल्या भवरलालांनी वाणिज्य व कायदा या शाखांच्या पदव्या घेतल्या आणि राजपत्रित अधिकाऱ्याची हाती आलेली नोकरी नाकारून रॉकेलचा व्यापार पत्करला. त्यापाठोपाठ ट्रॅक्टर, खते, बियाणे, पीव्हीसी पाइप अशा एजन्सी येत गेल्या. हा काळ चरित्रलेखकांना नीरस वाटतो. वास्तविक त्यांचे खरे शिक्षण तेव्हाच झाले असे मानायला हवे, कारण पेरणीपूर्वी उधार देऊन माल निघाल्यावर वसूल करणाऱ्या विक्रेत्याला गावोगावची पत, विहिरींचे पाणी आणि शेतकऱ्याचा शब्द यांचा जो अंदाज येतो, तो कोणत्याही बाजार-सर्वेक्षणातून येत नाही.

वर उल्लेखिलेला सौदा १९७८ मधला. केळीची भुकटी करणारा, सहकारी क्षेत्रातला एक बंद पडलेला कारखाना विक्रीस निघाला होता आणि जैन यांनी तो ३० लाख रुपयांना घेतला. जळगावसारख्या केळीच्या जिल्ह्यात केळीवर प्रक्रिया व्हावी ही कल्पना ऐकायला निर्दोष वाटते; परंतु ताज्या घडाला रेल्वेने उत्तरेकडे जाण्याची वाट मोकळी असताना भुकटीसाठी स्वस्त आणि सातत्याने केळी मिळणे अवघड, आणि भुकटीला गिऱ्हाईक मिळणे त्याहून अवघड. नव्या मालकाने केळीचा आग्रहच सोडला. यंत्रसामग्रीत फेरफार करून तेथे पपेन, म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातून मिळणारे, प्रथिने विघटित करणारे विकर, शुद्ध करण्यास सुरुवात झाली. मांस मऊ करणे, बिअर थंड केल्यावर गढूळ होऊ न देणे, कातडी कमावणे, औषधे बनवणे अशा कामांसाठी परदेशांत त्याला मागणी होती.

चीक काढण्याचे काम मोठे नाजूक. झाडावरच्या पूर्ण वाढलेल्या पण हिरव्या फळाला ऊन चढण्यापूर्वी पात्याने उथळ, उभ्या चिरा द्यायच्या, खाली ठिबकणारा दुधट चीक भांड्यात धरायचा, काही दिवसांच्या अंतराने त्याच फळाला पुन्हा चिरा द्यायच्या. लोखंडाचा स्पर्श झाला तर विकर बिघडते आणि वाळवताना उष्णता जास्त झाली तर त्याची ताकद जाते. चीक काढलेले फळ दिसायला वाईट होते, तरी वाया जात नाही, कारण टूटी-फ्रूटी अशाच कच्च्या पपईपासून होते. शेतमालातून शेतकऱ्याच्या नजरेत नसलेले मूल्य काढायचे आणि तो माल त्याच्याकडूनच घ्यायचा, हा पुढच्या सर्व जैन उद्योगाचा साचा या चिकात सापडतो. पांढऱ्या कांद्याची करार-शेती आणि आंब्याचा रस ही त्याचीच मोठी रूपे.

१९८० मध्ये पीव्हीसी पाइपचे उत्पादन सुरू झाले आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचन आले. हे तंत्र इस्रायलमध्ये सिम्खा ब्लास आणि हत्झेरीम किबुत्झ (सामूहिक शेतवसाहत) यांनी १९६० च्या दशकात बाजारात आणले होते, त्यामुळे शोधाचे श्रेय जळगावला देण्याचे कारण नाही. जळगावची करामत वेगळी आहे. वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात त्याच्या दुपटीहून अधिक पाणी मागणारे केळीचे पीक उभे होते, आणि यावल-रावेर पट्ट्यातल्या विहिरींची पातळी खाली चालली होती. अशा ठिकाणी नळी विकणाऱ्यानेच आराखडा, जोडणी, नळीतून द्यायच्या खतांचे वेळापत्रक आणि कृषितज्ज्ञाची बांधावरची फेरी हे सगळे अंगावर घेतले. १९९० च्या दशकात ऊतिसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत पेशीसमूहापासून, वाढवलेली ग्रँड नैन जातीची रोपे त्यात मिळाली. कंद लावून सुमारे अठरा महिने वाट पाहायला लावणारा बाग साधारण वर्षभरात कापणीला येऊ लागला, आणि मृगबाग-कांदेबाग या लागवडीच्या हंगामांची जुनी गणिते बदलली.

याच दशकात जैन वाट चुकले. वित्तसेवा, माहिती तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा शेताबाहेरच्या धंद्यांत त्यांची कंपनी शिरली आणि कर्जात रुतली. भवरलालांनी भागधारकांपुढे चूक जाहीरपणे कबूल केली, नको ते धंदे सोडले आणि कंपनी पुन्हा पाण्याकडे आणि पिकाकडे वळवली. भारतीय उद्योगजगतात अशी कबुली दुर्मीळ असल्याने तिचे पुष्कळ कौतुक झाले. तरी कबुलीची किंमत तोवर भागधारकांनी मोजली होती, हेही नोंदवले पाहिजे.

सावरल्यावर कंपनीने अमेरिकेतली चॅपिन ही ठिबक कंपनी (२००६) आणि नानदान या इस्रायली सिंचन कंपनीतला निम्मा हिस्सा (२००७) मिळवला; ज्या देशातून तंत्र आले तेथल्याच कंपनीत जळगावकरांनी वाटा घेतला याचे खानदेशात भारी अप्रूप होते. २००८ मध्ये भवरलालांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या दानाचा ओघही याच वर्षांत वाढला. अनुभूती ही निवासी शाळा, गरीब घरांतल्या मुलांसाठी इंग्रजी माध्यमाची वेगळी शाळा, कवयित्री बहिणाबाईंच्या नावाचा साहित्य पुरस्कार, आणि जैन हिल्स या कंपनीच्या परिसरात २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती, जळगावच्याच प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उघडलेले गांधीतीर्थ ही त्यातली ठळक कामे. गांधीतीर्थ हे संग्रहालय तर आहेच, शिवाय गांधीविषयक कागदपत्रांचे जतन करणारे अभ्यासकेंद्रही आहे. पत्नी कांताबाईंच्या निधनानंतर त्यांनी ‘ती आणि मी’ हे पुस्तक लिहिले. उद्योजकाच्या पुस्तकात क्वचित आढळणारा घरगुती सूर त्यात आहे. मात्र खानदेशावरील त्यांचे मोठे ऋण या संस्थांपेक्षा केळीच्या रोपांत आणि नळ्यांतच शोधावे लागते, भले ती रोपे आणि नळ्या दाम मोजूनच घेतलेल्या असोत.

पुढचे संकट मात्र शेतातूनच आले. केंद्राची सूक्ष्म सिंचन योजना २००६ मध्ये सुरू झाल्यावर ठिबकचा खप अनुदानावर अवलंबून राहू लागला. शेतकरी आपला वाटा भरे आणि उरलेली रक्कम सरकारकडून कंपनीला येणे असे. ती महिनोन्‌महिने अडके आणि तेवढ्या काळासाठी कंपनी कर्ज काढी. एजन्सीच्या काळात वाकोद-जामनेरच्या शेतकऱ्याची पत अचूक ओळखणाऱ्या घराण्याला सरकारी खात्याची वसुली साधली नाही. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत भवरलालांचे निधन झाले. २०१९ मध्ये कंपनीची कर्जफेड थकली, कर्जाची फेररचना करावी लागली, आणि २०२३ मध्ये नानदानसह परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन झाला. महाराष्ट्रात अनुदान आता थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते. त्यासाठी ठिबक संचाची पूर्ण किंमत त्याला आधी विक्रेत्याकडे भरावी लागते, आणि खात्यात पैसे येईपर्यंतचे व्याज त्याच्या अंगावर पडते.