सोलापूरचा मार्शल लॉ आणि जगाची ताकद

एखादं सरकार आपल्याच माणसांवर जुलूम करत असेल, तर जग तो थांबवू शकतं का?

हा प्रश्न आपल्या गावचाच आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. राष्ट्रसंघ तेव्हा होता. भारत त्याचा पहिल्यापासूनचा सभासद! पण प्रतिनिधी नेमणार इंग्रज सरकार. मग तक्रार करायची कुणी, आणि कुणाविरुद्ध?

१९४५ च्या सनदेत मानवी हक्क आले. पण त्याच सनदेच्या कलम २(७) मध्ये ‘अंतर्गत बाबींत हस्तक्षेप नाही’ हेही आलं. १९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचा प्रश्न आमसभेत नेला. आफ्रिकी सरकारचं उत्तर तेच : घरची बाब. आमसभेने ते मानलं नाही. तरी सर्वांच्या मताधिकाराची निवडणूक व्हायला १९९४ उजाडलं.

म्हणजे जग दुबळं का? तसं नाही. सुरक्षा परिषदेत एक नकाराधिकार सगळं अडवतो, हे खरंच. पण ‘आमच्या घरात डोकावू नका’ ही सबब जगाने लंगडी केली. तेवढ्याने फाशी टळत नाही. आत लढणाऱ्याला मात्र बळ मिळतं. लढायचं तिथल्याच माणसांनी. जगाने त्यांना एकटं पाडू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे, आणि त्या जगात आपणही येतो.