चिरा सुटतो, सिमेंट सुटत नाही

तवसाळहून जयगडला येणाऱ्या फेरीबोटीत माझ्या पुढ्यात एक टेम्पो उभा होता आणि त्यात एक घर होतं. तळाशी मंगलोरी कौलांची चळत, तिच्यावर वासे आणि रिपा, आडवं टाकलेलं आढं, आणि सगळ्यांत वर चौकटीसकट दोन पाखांचा दरवाजा. चौकटीवर कुणीतरी कधीकाळी ओढलेली कुंकवाची बोटं तशीच होती. ड्रायव्हरला विचारलं, "घर कुठे चाललं?" तो म्हणाला, "घर कसलं, माल हाय."

शास्त्री नदीची खाडी ओलांडायला वेळ तो किती लागणार! तेवढ्यात कळलं ते असं. गुहागर बाजूचं जुनं घर, वारस सगळे मुंबईला, जागेवर आता स्लॅबचा बंगला. लाकूड एकाने घेतलं, कौलं दुसऱ्याने, आणि लोखंड, पत्रा, तांब्याचा बंब वगैरे जयगडच्या सड्यावरच्या भंगारवाल्याकडे. त्या टेम्पोमागून मी सड्यावर गेलो आणि नंतर काही ना काही निमित्त काढून जात राहिलो.

बाहेरच्यांसाठी जयगड म्हणजे किल्ला, दीपगृह आणि कऱ्हाटेश्वर. गेली पंधराएक वर्षं त्यात बंदराची आणि 1200 मेगावॅटच्या औष्णिक वीजप्रकल्पाची भर पडली. भंगाराचं आवार मात्र कुणाच्या यादीत नाही. पत्र्याचं कुंपण, एक वजनकाटा, ताडपत्रीखाली पुठ्ठा आणि रद्दी, उघड्यावर लोखंड. घरांचा माल गल्लीबोळांतून फिरणारा टेम्पो आणतो. हॉटेलं आणि दुकानं आपापली पोती पाठवतात. बांधकामावरचे सळयांचे तुकडे आणि रंगाचे डबे मुकादम स्वतः घेऊन येतो, कारण त्याला रोख हवी असते. मे महिन्यात चाकरमानी आले की माळे रिकामे होतात आणि आवारात पाय ठेवायला जागा उरत नाही. मग ट्रक भरतो, निवळी फाट्यावरून हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढतो. बिडाचं भंगार कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना हवं असतं.

मला परत परत तिकडे ओढलं ते मालकाने नव्हे, प्लास्टिक निवडणाऱ्या मावशीने. संगमेश्वराकडची बाई. पोत्यावर बसलेली, एका बाजूला पाण्याची बादली, दुसऱ्या बाजूला लायटर, आणि कनवटीला जुन्या स्पीकरमधून काढलेला लोहचुंबक, सुतळीला बांधलेला. चुंबक चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर मग तांबं, पितळ नाहीतर जर्मन. ते शेंबडं पोरही करेल. प्लास्टिकचं तसं नाही. तिथे चुंबक मुका.

तिने एका फुटक्या डब्याची कड कात्रीने कापली, लायटरवर धरली, विझवली आणि धूर नाकाशी नेला. "हुंगून बगा," म्हणाली. मेणबत्ती विझल्यावर येतो तसा वास. हे चांगलं, हे विकतं. दुसरा तुकडा पाइपाचा. त्याचा धूर घशात आंबट ओरबाडत गेला आणि मी खोकत मागे सरलो. ती हसली. हे पीव्हीसी, हे वेगळं टाकायचं, चुकून मेणाच्या वासाच्या ढिगात गेलं तर पुढचा खरेदीदार अख्खं पोतं परत पाठवतो. पाण्याच्या बाटलीला तर ती आगही लावत नाही. झाकण आणि त्याखालचं कडं काढते, बाटलीचा तुकडा कापते आणि सगळं बादलीत टाकते. झाकण तरंगतं, बाटलीचा तुकडा बुडतो. मोठ्या कारखान्यांत प्लास्टिकचा चुरा धुताना टाक्यांमध्ये हेच करतात, तिथे त्याला यंत्र म्हणतात.

दिवसभर तो धूर. मी हातमोज्यांचं, तोंडाला बांधायच्या फडक्याचं काढलं, तर म्हणाली, "हातमोजं दिलं हुतं शेटनं. पन मग बोटाला कळत न्हाय." फडकं बांधलं तर नाकालाही कळणार नाही, हे तिने बोलून दाखवायची गरज नव्हती. पंचायतीच्या भिंतीवर ओला कचरा, सुका कचरा, हिरवा डबा, निळा डबा असं सुबक रंगवलेलं असतं. सुका कचरा म्हणजे एक डबा! या बाईच्या भोवती त्या एका डब्याचे दहाबारा ढीग होते आणि ते करायला तिचं नाक पणाला लागत होतं.

एकदा एक तरुण गोणीभर शीतपेयांचे डबे घेऊन आला. कंत्राटी कामाला असलेला, शिकलेला, बोलका. काटा होईपर्यंत त्याने सांगितलं की नवं ॲल्युमिनियम खनिजापासून बनवायला शंभर भाग ऊर्जा लागत असेल, तर जुनं वितळवायला फक्त पाच लागते. शंभरात पाच. आकडा खराच आहे, जगभर हाच सांगतात. मावशीने तो ऐकला आणि त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. दुसऱ्या खेपेला मी विचारलं, कसं चाललंय, तर म्हणाली, "शंभरात पाच." शेटला शंभर, तिला पाच. मालक हसला, पण फार नाही.

मालकाचीही बाजू आहे. भाव कोल्हापुरात ठरतो, डिझेल त्याने भरायचं, पावसाळ्यात माल गंजतो, पुठ्ठा भिजतो. हे सगळं मान्य. तरी चेपलेल्या जर्मनच्या टोपांचा तो चकचकीत ढीग आणि पलीकडे उभ्या असलेल्या प्रकल्पाच्या चिमण्या एकाच नजरेत आल्या की शंभरात पाच डोक्यातून जात नाही. त्या ढिगाने जी वीज वाचवली तिचं बिल कुणीच मावशीच्या नावे फाडत नाही.

आता त्या टेम्पोतल्या घराकडे येतो. जुनं कोकणी घर उतरवताना पाहिलंय का? पाडतात म्हणणं चूक ठरावं इतकं ते सावकाश. आधी कौलं, हातोहात, माणसांच्या रांगेने. बेसल मिशनने 1865 साली मंगलोरात कौलांचा कारखाना काढला. त्या घराण्यातली कौलं आजही एका छपरावरून उतरून दुसऱ्यावर चढतात. मग रिपा, वासे, तुळया. सागाला गिऱ्हाईक असतंच, फणसाच्या लाकडालाही. शेवटी भिंत. जांभ्याचे चिरे मातीत बसवलेले. पहारीचं टोक सांध्यात घातलं, जरा हलवलं की चिरा अख्खा सुटतो. माती पावसाने धुतली जाते आणि चिरा पुन्हा नवा. गडगा बांधा, गोठा बांधा, विहिरीचं तोंड बांधा. मागे उरते ती माती आणि जोत्याचा खळगा. अशा घराला कचरा नसतो.

नंतरच्या घराला असतो. तेच चिरे, त्याच खाणीतले, पण सिमेंटने जोडलेले. पहार घातली की सांधा शाबूत राहतो आणि चिराच फुटतो. यात गंमत अशी की आज मिळणारं बरंचसं सिमेंट स्वतःच पुनर्वापराचं पुण्य मिरवतं. पोझोलाना सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राख चालते, औष्णिक केंद्रांच्या कोळशाची. एका कचऱ्याची सोय लावताना आपण चिऱ्याला कायमचं कचऱ्याच्या वाटेला लावलं. भिंत मजबूत झाली, भूकंप-वादळाला टिकेल, हे खरंच. पण ती सुटणार नाही, फक्त फुटणार.

बांधकामाच्या कचऱ्याचे देशाचे नियम 2016 साली आले. दिवसाला 20 टन किंवा एका कामावर महिन्याला 300 टन राडारोडा काढणाऱ्याला त्यांत खास जबाबदाऱ्या होत्या. जयगडात मोरी नाहीतर पडवी पाडून स्वयंपाकघर वाढवणाऱ्याचा राडारोडा ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीचा. तो त्या आकड्यांच्या खालून आरामात सरकायचा.

अशी एक ट्रॉली आवाराच्या दाराशी आली तेव्हा मी तिथेच होतो. वर चार सळया दिसत होत्या, खाली सिमेंट चिकटलेले चिऱ्यांचे तुकडे, फरशी, आणि छपराचे फुटके सिमेंटचे पत्रे, ज्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात; ते तंतू फुप्फुसात गेले की निघत नाहीत. मालकाने सळया उपसून घेतल्या, काट्यावर टाकल्या, पैसे दिले. "बाकीचं?" ड्रायव्हरने विचारलं. "बाकीचं तुमचं," मालक म्हणाला. भंगारवाल्याचा धर्म काट्याशी संपतो. किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या फायबरच्या जुन्या होड्यांनाही तो हात लावत नाही, कारण फायबर वितळत नाही. जाळ्यांचं शिसं आधी काढून घेतो, नायलॉन जमलं तर.

मावशीने ट्रॉलीत डोकावून पत्र्याचा एक तुकडा उचलला, हुंगला नाही, तसाच ठेवला.

ड्रायव्हरने दोनचार फोन केले. जवळच एकाचं जोतं भरायचं काम चालू होतं, त्याला भराव हवा होता. राडारोड्याचे पैसे काही नाहीत, डिझेलपुरते देईन, असं ठरलं. शेवटी जोतेवाल्याने बजावलं, पत्र्याचे तुकडे आत नकोत, पोरं खेळतात. ड्रायव्हर बरं म्हणाला. मी विचारलं, मग पत्रे कुठे टाकणार? "बगू," म्हणाला, आणि गियर टाकला.