फळ्यावरील नावे

शिक्षक वर्गाबाहेर गेले की मॉनिटरने खडू हाती घ्यावा आणि बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहावीत, ही प्रथा इतकी जुनी आहे की तिच्यात काही गैर असेल असे आम्हालाही अनेक वर्षे वाटले नाही. शिक्षक परतत, नावे वाचीत आणि शिक्षा होई. आरोप एका मुलाचा, पुरावा त्याचेच हस्ताक्षर. मॉनिटरच्या मित्राचे नाव फळ्यावर क्वचितच येते, हे मुलांना ठाऊक होते. आम्हाला ते उशिरा उमगले.

विनयपिटकातील चुल्लवग्गात संघातील वाद शमविण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. त्यांतील पहिला सम्मुखाविनय. ज्याच्याविषयी निर्णय घ्यावयाचा, तो समोर हवा. त्याला न विचारता दिलेला दंड तेथे नियमबाह्य ठरतो. दोष दाखविणाऱ्यानेही योग्य वेळी, सत्य, मृदू व हिताचे बोलावे आणि मनात मैत्री ठेवावी, अशी अपेक्षा आहे. यातील ‘योग्य वेळ’ आम्हाला सर्वांत कठीण गेली. राग आलेला असताना चौकशी होत नाही, थेट निकाल लागतो. म्हणून तासाला घडलेल्या प्रकाराची विचारणा आम्ही संध्याकाळी करतो.

शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे. छडी सुटली, टोचून बोलणे मात्र जिभेवरून सहज जात नाही. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि त्यांच्या हातून तर काही चूकही घडलेली नव्हती. त्यांच्या नावाने जयंती साजरी करणाऱ्या शाळेत मुलाला शिक्षा म्हणून वेगळे बसविणे आम्हाला शोभत नाही. ती शिक्षा आम्ही बंद केली.

बीड जिल्ह्यात चौकशी वर्गापाशी थांबत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात निघतात. ज्यांचे आईवडील कारखान्यावर गेले, त्या मुलांना भेटायला हंगामभर कोणी येत नाही. सुट्टीनंतरच्या दिवसांत वसतिगृहात भांडणे वाढतात. अशाच एका आठवड्यात सहावीतील मुलाने शेजाऱ्याची वही फाडली. दोघांनाही समोरासमोर बसवून विचारले, तेव्हा कळले की शेजाऱ्याचे वडील रविवारी डबा घेऊन आले होते आणि ‘तुझं कोण येतं?’ असे त्याने याला विचारले होते.

कारण कळले म्हणून फाटलेली वही सांधली जात नाही. ती पाने त्याने पुन्हा लिहून दिली. शेजाऱ्याने मजकूर सांगायचा, असे दोघांच्या संमतीने ठरले. शिवाय मुकादमाच्या मोबाइलवर त्याचे आईशी बोलणे करून दिले. यावर वर्गात कुजबुज झाली: वही फाडली की फोन मिळतो! ती तक्रार रास्त होती. आईवडील कारखान्यावर असलेली इतर मुले निमूट बसली होती आणि त्यांना काहीच मिळाले नव्हते.

आता पालक गावाला जाण्यापूर्वीच आम्ही मुकादमाचा क्रमांक लिहून घेतो आणि रविवारी आळीपाळीने सर्वांचे फोन लावतो. शिक्षक बाहेर गेल्यावर वर्गात गोंगाट अजूनही होतो.