अक्कलकुवा ते जत : विधानसभा कशी भरते

महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांची यादी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्यापासून सुरू होते आणि सांगली जिल्ह्यातल्या जतला संपते. अक्कलकुव्याचा क्रमांक पहिला, जतचा २८८वा. निकालाच्या दिवशी टीव्हीवर जो आकडा सारखा वर-खाली होताना दिसतो, तो या २८८ जागांचा. पण त्या आकड्यातलं पुष्कळसं काही मतमोजणीच्या आधीच ठरून गेलेलं असतं. मतदारसंघाच्या सीमा कुठून गेल्या, कोणाचा अर्ज टिकला, मतं कुठे एकवटली आणि कुठे पांगली, या गोष्टींकडे आपलं लक्ष फार कमी जातं. म्हणून ही वाट पहिल्यापासून चालून पाहू.

आधी २८८ हा आकडा. राज्यघटनेच्या १७०व्या अनुच्छेदाने विधानसभेला कमीत कमी ६० आणि जास्तीत जास्त ५०० जागांची मर्यादा घातली आहे. गोव्यासारख्या छोट्या राज्याला त्यातून सूट आहे, तिथे ४० जागा आहेत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ साली पहिली निवडणूक झाली तेव्हा जागा होत्या २६४. १९६७ला त्या २७० झाल्या आणि १९७८ला २८८. तेव्हापासून आकडा हललेला नाही. लोकसभेच्या ४८ जागा आणि प्रत्येकीत सहा विधानसभा मतदारसंघ, असा हा हिशेब बसतो.

आकडा का हलला नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. जागांचा आधार १९७१ची जनगणना. १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचं प्रतिनिधित्व त्यापायी घटू नये, हा त्यामागचा विचार. ही मुदत पुढे ८४व्या दुरुस्तीने वाढवली, आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत ती लांबली. १९७१ला महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास होती, म्हणजे एका आमदारामागे सुमारे पावणेदोन लाख माणसं. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वाअकरा कोटींवर गेली. आमदार तेवढेच राहिले आणि एकेकाच्या वाट्याला जवळजवळ चार लाख माणसं आली. आमदार भेटत नाही, ही तक्रार आपण त्या माणसावर टाकून मोकळे होतो. त्यातला काही भाग या गोठलेल्या आकड्याचा आहे, असं मला वाटतं.

संख्या गोठली तरी सीमा मात्र बदलल्या. २००१ची जनगणना धरून परिसीमन आयोगाने मतदारसंघ नव्याने आखले आणि २००९ची निवडणूक त्या नव्या नकाशावर झाली. मधल्या काळात ठाणे, पुणे या पट्ट्यात वस्ती भराभर वाढली होती. एकूण जागा तेवढ्याच, त्यामुळे शहरांच्या कडेला नवे मतदारसंघ निघाले ते ग्रामीण भागातले कमी करून. आयोगाच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, अशी तरतूद घटनेतच आहे. एखादं गाव या तालुक्याच्या मतदारसंघातून त्या तालुक्याच्या मतदारसंघात गेलं, की तिथल्या पुढाऱ्यांची वर्षानुवर्षांची गणितं एका आदेशात मोडतात.

राखीव जागाही याच टप्प्यावर ठरतात. आज अनुसूचित जातींसाठी २९ आणि अनुसूचित जमातींसाठी २५ जागा आहेत. या परिसीमनाआधी त्या अनुक्रमे १८ आणि २२ होत्या. दोन्हींचा निकष वेगळा आहे. जमातींच्या जागा त्यांची वस्ती सर्वांत दाट असेल तिथे जातात. म्हणून नंदुरबारच्या चारही जागा राखीव आहेत आणि गडचिरोलीच्या तिन्ही. जातींच्या जागा मात्र राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखरून ठेवायच्या असतात. राखीव मतदारसंघात मत सगळेच देतात. अट असते ती फक्त उमेदवाराला. २०२०च्या जानेवारीपर्यंत सभागृहात राज्यपालांनी नेमलेला एक अँग्लो-इंडियन सदस्यही असे. १०४व्या दुरुस्तीनंतर ती तरतूद संपली.

आता उमेदवार. वय २५ पूर्ण हवं आणि राज्यातल्या कुठल्यातरी मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. म्हणजे कोल्हापूरचा मतदार नागपुरातून उभा राहू शकतो, बेळगावचा मतदार राहू शकत नाही. अनामत दहा हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला पाच हजार. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते. खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात ४० लाख.

अर्जाच्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो : एबी फॉर्म. हे दोन कागद आहेत. ‘ए’मध्ये पक्ष कळवतो, की उमेदवार जाहीर करण्याचा अधिकार आम्ही अमुक पदाधिकाऱ्याला दिला आहे आणि ही त्याची सही. ‘बी’मध्ये तो पदाधिकारी कळवतो, की या मतदारसंघात आमचा उमेदवार अमुक, आणि त्याचा अर्ज बाद झाला तर पर्यायी अमुक. सही शाईची लागते, शिक्का किंवा झेरॉक्स चालत नाही. आणि हे कागद अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडावे लागतात. नाहीतर पक्षाने नाव जाहीर केलं असलं तरी पक्षाचं चिन्ह मिळत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. अधिकृत उमेदवारीच गेली, तर एकट्या सूचकावर भरलेला अर्ज छाननीत टिकत नाही. बंडखोरी रोखण्यासाठी पक्ष हे फॉर्म अखेरच्या घटकेपर्यंत हातचे राखून ठेवतात. त्या दुपारी प्रांत कार्यालयाबाहेर जी धावपळ दिसते, ती या दोन कागदांची.

सोबत प्रतिज्ञापत्र. दाखल गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण असं सगळं त्यात येतं आणि एकही रकाना कोरा सोडता येत नाही. मग छाननी, मग माघारीची मुदत, मग चिन्हवाटप. २०२४ला अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती, छाननी ३० ऑक्टोबरला, माघार ४ नोव्हेंबरपर्यंत. शेवटी रिंगणात राहिले ४,१३६ उमेदवार.

यंत्रावरच्या नावांचा क्रमही नियमाने ठरतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, शेवटी अपक्ष. आणि प्रत्येक गटात मराठी वर्णानुक्रम. एका बॅलट युनिटवर ‘नोटा’ धरून १६ बटणं मावतात. सोळावा उमेदवार आला, की दुसरं युनिट शेजारी जोडावं लागतं. चिन्हाचं वजन किती असतं ते २०२४च्या लोकसभेत साताऱ्याने दाखवलं. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह असलेला उमेदवार हरला, आणि त्याच्याशी मिळतंजुळतं ‘पिपाणी’ हे चिन्ह घेऊन उभ्या राहिलेल्या अपक्षाला पडलेली मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त होती.

मतदानाचा दिवस आपल्याला सकाळी सातपासून दिसतो, केंद्रावरच्या माणसांचा तो दीड तास आधी सुरू होतो. पोलिंग एजंटांच्या समोर अभिरूप मतदान होतं, किमान ५० मतांचं. यंत्राने मोजलेली मतं आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवून दाखवायच्या, यंत्र रिकामं करायचं, चिठ्ठ्या काढून काळ्या लिफाफ्यात सीलबंद करायच्या. खरं मतदान त्यानंतर. संध्याकाळी सहाला केंद्राध्यक्ष रांगेत उभ्या असलेल्यांना सह्या केलेल्या चिठ्ठ्या वाटतात, आणि वाटायला सुरुवात करतात ती रांगेच्या शेवटच्या माणसापासून, म्हणजे मागून कोणाला घुसता येत नाही. चिठ्ठी हातात असलेल्या प्रत्येकाचं मत होईपर्यंत केंद्र बंद होत नाही.

शेवटच्या मतानंतर ‘क्लोज’चं बटण दाबलं जातं आणि केंद्राध्यक्ष १७-सी नमुना भरतात. यंत्रात एकूण किती मतं नोंदली गेली, यंत्राचा क्रमांक काय, सील कोणती. त्याची सहीची प्रत प्रत्येक एजंटला मिळते. मतमोजणीला यंत्र टेबलावर आलं, की आधी हाच कागद जुळवून पाहतात. ईव्हीएमवर एवढा वाद होतो, पण हा कागद केंद्रा-केंद्रावरून नीट गोळा करण्याचं काम फार थोडे उमेदवार मनापासून करतात. मला ते सगळ्या दिवसातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं. २०२४ला राज्यात लाखभर मतदान केंद्रं होती. तेवढी शिस्तीची माणसं उभी करणं हीच पक्षाच्या संघटनेची खरी परीक्षा.

मोजणी टपाली मतांपासून सुरू होते. मग यंत्रं, साधारण १४ टेबलांवर, फेरी-फेरीने. शिवाय प्रत्येक मतदारसंघात चिठ्ठी टाकून पाच केंद्रं निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या हाताने मोजून यंत्राशी ताडतात. दोघांना समसमान मतं पडली तर अधिकारी चिठ्ठी टाकून विजेता ठरवतात. २०२४ला मालेगाव मध्यचा निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला.

आता मतांच्या जागा कशा होतात ते पाहू. ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी, मग निम्म्याहून जास्त मतदारांनी दुसऱ्यांना मत दिलं असलं तरी चालतं. ही पद्धत राज्यभर एकत्र पाहिली, की काय होतं? २०२४ला काँग्रेस आणि शिंदे यांची शिवसेना, दोघांनाही राज्यातली सव्वाबारा ते साडेबारा टक्के मतं मिळाली. शिवसेनेच्या जागा आल्या ५७, काँग्रेसच्या १६. शरद पवार यांच्या राष्ट्रवादीला सुमारे ११ टक्के मतं आणि १० जागा, अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ९ टक्के मतं आणि ४१ जागा. काँग्रेस शंभराच्या वर जागा लढली होती आणि शिवसेना ऐंशीच्या आसपास, हे लक्षात घ्यायला हवं. जास्त ठिकाणी उभं राहिलं की मतं गोळा होतात, जागा होतातच असं नाही. शिवाय मित्रपक्षाची मतं आपल्या उमेदवाराकडे वळली की नाहीत, यावर सगळं फिरतं. पद्धत सोपी आहे, निकाल चटकन लागतो, मतदाराला त्याचा आमदार कोण ते कळतं. पण अकरा-बारा टक्के मतदार सभागृहात जवळजवळ दिसेनासे होऊ शकतात, ही तिची किंमत आहे.

निकालानंतर निवडणूक आयोग विजयी उमेदवारांची अधिसूचना काढतो आणि विधानसभा गठित झाली असं मानलं जातं. पण आमदाराला शपथेशिवाय सभागृहात बसता येत नाही. ती देण्यासाठी राज्यपाल हंगामी अध्यक्ष नेमतात, सहसा ज्येष्ठ सदस्यांपैकी एक. २०१९ला निकाल २४ ऑक्टोबरला लागला, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली, २३ला मुख्यमंत्र्यांचा पहाटेचा शपथविधी झाला, आणि आमदारांची शपथ व्हायला २७ नोव्हेंबर उजाडला. महिनाभर राज्यात निवडून आलेले २८८ जण होते आणि सभागृह भरलेलं नव्हतं.

शपथ झाली की अध्यक्षांची निवड. महाराष्ट्रात ती गुप्त मतदानाने होत असे, डिसेंबर २०२१मध्ये नियम बदलून उघड मतदान आलं. २०२१च्या फेब्रुवारीत नाना पटोले यांनी राजीनामा दिल्यापासून २०२२च्या जुलैपर्यंत ही खुर्ची रिकामी होती आणि उपाध्यक्षांनी कारभार चालवला. पक्षांतराच्या तक्रारींवर निर्णय अध्यक्षच देतात, त्यामुळे त्या खुर्चीवर कोण बसतं याला आता सरकार टिकण्याइतकं महत्त्व आलं आहे.

बहुमताचा आकडा १४५. विश्वासदर्शक ठरावाला आवाजी मतदानावर भागलं नाही, की शिरगणती होते : एकेक सदस्य उभा राहतो, आपली मोजणी नोंदवतो आणि खाली बसतो. ४ जुलै २०२२ला अशीच १६४ विरुद्ध ९९ अशी नोंद झाली. हा ठराव फक्त विधानसभेत येतो. विधान परिषदेचे ७८ सदस्य सरकार पाडू शकत नाहीत. पैशांचं विधेयक ते १४ दिवसांपलीकडे थांबवू शकत नाहीत आणि इतर विधेयकांवरही शेवटी खालच्या सभागृहाचंच चालतं. राज्यात संयुक्त बैठकीची सोयच नाही. मंत्री जास्तीत जास्त किती करायचे तेही विधानसभेच्या संख्येवरून ठरतं : १५ टक्के, म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३.

या २८८मध्ये २०२४ला महिला निवडून आल्या २१. एक तृतीयांश जागांची १०६वी घटनादुरुस्ती २०२३ला झाली, पण ती लागू होणं जनगणना आणि त्यानंतरच्या परिसीमनाशी बांधलेलं आहे. म्हणजे १९७१वर थांबलेला आकडा, नव्या सीमा आणि महिलांच्या राखीव जागा हे तिन्ही प्रश्न एकाच नकाशावर येऊन ठेपतात.

सभागृहाची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षांची. मध्येच जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, मात्र मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल तर हे बंधन नाही. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा यांचं नोव्हेंबर २०२३मध्ये निधन झालं. आयोगाने एप्रिल २०२४ची पोटनिवडणूक जाहीर केली. निवडून येणाऱ्याला वर्षही मिळणार नाही, या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द केली. शर्मा यांच्या निधनापासून नोव्हेंबर २०२४च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत, म्हणजे जवळपास वर्षभर, अकोला पश्चिमच्या लाखो मतदारांचा विधानसभेत कोणी आमदार नव्हता, आणि त्यात कायद्याचं कुठलंही उल्लंघन झालेलं नव्हतं.